तुटलेला दुवा कसा शोधावा

विल्यम ओशॉनेसी या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी इ. स. १८३९ मध्ये कलकत्त्यानजीक तारायंत्राचे प्रयोग केले. पुढे त्यांच्याच देखरेखीखाली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार घातली गेली व १८५१ मध्ये ती कामास लागली. तार मुकी झाली, म्हणजे दोष विद्युत्‌घटात, तारेत की पलीकडील यंत्रात, हे नुसत्या मौनावरून कळत नसे. यास्तव मार्गाचे भाग पाडून एकेक भाग तपासण्याची रीत तारायंत्राच्या कामात रूढ झाली.

आज कोलकात्यातील एखाद्या ग्रंथालयाचा सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांस माहिती पुरविणारा संगणक, प्रतिसाद देईनासा झाला तरी हीच रीत उपयोगी पडते. प्रथम केबल नीट बसली आहे काय, हे पाहावे. नंतर त्या सर्व्हरवर ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. ती दिलेल्या पत्त्यावर लहानसा संदेश धाडून उत्तराची वाट पाहते. प्रथम १२७.०.०.१ हा यंत्राचा स्वतःचाच पत्ता घ्यावा, मग राउटरचा, शेवटी दूरचा. जेथे उत्तर थांबते, तेथे शोध सुरू करावा. अंकी पत्त्यावरून उत्तर येते, परंतु नावावरून येत नाही, असे आढळल्यास दोष बहुधा नावांचे पत्ते सांगणाऱ्या डीएनएस सेवेत असतो. काही यंत्रे पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, हेही ध्यानात असावे.

एका वेळी एकच बदल करावा व तो टिपून ठेवावा. अनेक बदल एकदम केल्यास संपर्क कदाचित पूर्ववत होईल. दोष कोठे होता, हे मात्र अज्ञातच राहील, आणि तो पुन्हा उद्भवल्यास सारा शोध मुळापासून करावा लागेल.