हुकमी माणूस उठून स्पर्धकाकडे गेला तर? व्हिडिओ गेम कंपन्यांच्या कोर्टकज्ज्यातून शिकण्यासारखं



धंदा सुरू केला की एक भीती कायम असते. ज्याला हाताला धरून शिकवलं, ज्याच्या जिवावर निम्मं काम चालतं, तो माणूस उद्या समोरच्याकडे गेला तर? मग आपण म्हणतो, "करारच करून टाकू, जाता येणार नाही असा." असा करार खरंच कामाला येतो का? अब्जावधी डॉलरच्या कंपन्यांचं काय झालं ते बघू.

पहिला किस्सा: अटारी, १९७९

अमेरिकेत तेव्हा घरी खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये अटारीचं राज्य होतं. तिथल्या प्रोग्रामर लोकांनी बनवलेले गेम धडाक्यात विकले जात, पण डबीवर त्यांचं नाव नाही आणि विक्रीत हिस्सा नाही. फक्त पगार. त्यांनी मालकांकडे मागणी केली, ती झटकून टाकली गेली. मग त्यातले चौघे बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन ही कंपनी उभी राहिली. अटारीने कोर्टात खेचलं. १९८२ मध्ये तडजोड झाली. ॲक्टिव्हिजनने अटारीला रॉयल्टी द्यायचं कबूल केलं, पण धंदा काही थांबला नाही.

दुसरा किस्सा: तीच ॲक्टिव्हिजन, २०१०

आता ॲक्टिव्हिजन स्वतः मोठी मालक झाली होती. तिच्या मालकीचा इन्फिनिटी वॉर्ड नावाचा स्टुडिओ होता, 'कॉल ऑफ ड्यूटी' बनवणारा. नोव्हेंबर २००९ मध्ये त्यांचा 'मॉडर्न वॉरफेअर २' आला आणि जानेवारीपर्यंत विक्री १ अब्ज डॉलरच्या वर गेली.

मार्च २०१० मध्ये कंपनीने स्टुडिओचे दोन्ही प्रमुख, जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला, यांना काढून टाकलं. कंपनी म्हणाली, यांनी करार मोडला आणि वरिष्ठांचं ऐकलं नाही. ते दोघे म्हणाले, आमची रॉयल्टी द्यायची वेळ जवळ आली म्हणून आम्हाला काढलं. त्यांनी ३.६ कोटी डॉलरच्या वर दावा ठोकला.

पुढच्याच महिन्यात दोघांनी रिस्पॉन हा नवा स्टुडिओ काढला. पाठबळ कुणाचं? ॲक्टिव्हिजनची कट्टर स्पर्धक इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए. मागोमाग जुन्या टीममधले कितीतरी जण बाहेर पडले. ॲक्टिव्हिजनने उलट दावा केला आणि वर्षअखेरीस ईएलाही त्यात ओढायला निघाली: आमच्यासोबत करार चालू असताना तुम्ही आमची माणसं फोडली, ४० कोटी डॉलर द्या! तिकडे स्टुडिओतल्या ३८ जणांनी राहिलेल्या बोनससाठी वेगळीच केस टाकली.

दोन वर्षं वकिलांची बिलं चालली. मे २०१२ मध्ये, खटला उभा राहायच्या तोंडावर, सगळं मिटलं. ॲक्टिव्हिजनने कर्मचाऱ्यांना ४.२ कोटी डॉलर दिले. दोन्ही प्रमुखांसोबतची तडजोड गुप्त राहिली. पुढे रिस्पॉनने 'टायटनफॉल' आणि 'एपेक्स लेजंड्स' काढले. २०१७ मध्ये ईएने तो स्टुडिओच विकत घेतला.

नीट बघा, दोन्ही वेळा कोर्टात जाऊन गेलेली माणसं परत मिळवता आली नाहीत. आणि दोन्ही वेळा भांडणाचं मूळ होतं हिशोब.

आपल्याकडे कायदा काय सांगतो?

भारतीय करार कायदा, १८७२, कलम २७: कुणालाही कायदेशीर धंदा किंवा काम करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द. मोठा अपवाद एकच, तो म्हणजे धंदा नावलौकिकासह विकला असेल तर. त्यामुळे "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं हे काम करायचं नाही" असं लिहून घेतलं, तरी कोर्टात ते सहसा टिकत नाही. गेम कंपन्यांचं माहेरघर असलेल्या कॅलिफोर्नियातही साधारण असाच कायदा आहे.

पण कराराची मुदत चालू असताना गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर असलेला एक सुपरवायझर मध्येच सोडून कोटाच्या स्पर्धकाकडे गेला. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याच्यावरची बंदी कायम ठेवली, कारण ती कराराच्या मुदतीपुरतीच होती.

मग तुम्ही काय करायचं?

१. माणूस बांधू नका, माहिती बांधा. रेसिपी, गिऱ्हाइकांची यादी, खरेदीचे दर यांच्यासाठी गोपनीयतेचा करार करा. आणि ही माहिती सगळ्यांच्या मोबाइलमध्ये फिरू देऊ नका.

२. काम कुणाच्या मालकीचं ते लिहा. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं सॉफ्टवेअर, वेगळं काही ठरलं नसेल तर मालकाचं. बाहेरच्या फ्रीलान्सरने केलेलं मात्र, लिहून घेतलं नसेल तर त्याचंच राहतं. पैसे देण्याआधी हक्क लेखी घ्या.

३. हिस्सा कबूल केला असेल तर तारीख टाका. "दिवाळीला बघू" हे वाक्य पुढच्या भांडणाचं बियाणं आहे. किती टक्के, कशावर, कोणत्या तारखेला आणि मध्येच नोकरी सुटली तर काय, हे चारही कागदावर हवं.

४. तुम्ही दुसऱ्याचा माणूस घेत असाल तर आधी विचारा, "तुझा करार चालू आहे का?" जुन्या मालकाचा एक कागद, एक पेन ड्राइव्हसुद्धा आत येऊ देऊ नका. नाहीतर ईएसारखे तुम्हीही केसमध्ये ओढले जाल.

करारनामा मात्र वकिलाला दाखवूनच पक्का करा.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडच्या सगळ्यात महत्त्वाच्या माणसाचं नाव लिहा. त्याला तोंडी काय काय कबूल केलंय? त्यातलं कागदावर किती आहे? जे नाही ते या आठवड्यात लिहून, त्याच्यासमोर बसून, दोघांनी सह्या करा. त्याची कदर होतेय हे त्याला त्या कागदावरूनच कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!