मुंबईच्या सागवानाचा टिकाऊ माल

रहाटणीत आमच्या दुकानी गिऱ्हाईक आधी भाव विचारते, मग टिकाऊपणा. मुंबई गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी इंग्रजी आरमारासाठी बांधलेल्या 'त्रिंकोमाली' या लढाऊ गलबताचा हिशेब व्यापारी बांधवांनी जरूर पाहावा. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. विलायतेत ओकची टंचाई, म्हणून काम मुंबईला आले. जहाजाचे नकाशे मात्र १८१२ साली वाटेतच समुद्रात बुडाले, पुन्हा मागवावे लागले. (उशिराची झळ आम्हीही जाणतो!) ओकचे आम्ल लोखंडी खिळे खाते; तेलकट साग ना कुजतो, ना खिळे गंजवतो. १८९७ साली आरमाराने ते भंगारात काढले, तर व्हीटली कॉब यांनी विकत घेतले. पुढे १९८६ पर्यंत त्यावर मुले दर्यावर्दीपणा शिकली. आज ते हार्टलपूलला तरंगते आहे.