पहिली हँडी घेताना

आमच्या गावी, नांदूरघाटात, मोबाइल नवा नवा आला तेव्हा घरात बसून बोलणं व्हायचं नाही. रेंज धरायला माळावर जावं लागायचं. ऊसतोडीला गेलेल्या माणसाचा फोन येणार असला की घरचं कुणीतरी आधीच वर जाऊन बसायचं. माझी चुलती फोन डोक्याच्या वर धरायची, काड्या वाढल्या की कानाला लावायची, आवाज तुटला की दोन पावलं चढाकडं सरकायची. आज अमेरिकेत शार्लटमध्ये नवीन आलेली मराठी मंडळी ‘हँडी, म्हणजे हॅम रेडिओचा हातातला संच, कुठली घेऊ?’ असं विचारतात तेव्हा मला चुलती आठवते. आधी उंची बघायची आणि यंत्राचं नंतर, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हे टिपण मी एकट्याच्या जिवावर लिहिलेलं नाही. शार्लट, टोरांटो, स्लाऊ आणि म्युनिकमधल्या, हॅमचा परवाना घेऊन बरीच वर्षं झालेल्या मराठी घरांना विचारून जमवलं आहे. शब्दाचीही गंमत ध्यानात ठेवा. आपल्याकडं आणि इंग्लंडात ‘हँडी’ म्हटलं की हॅम माणसाला कळतं, अमेरिकेत ‘एचटी’ म्हणतात, आणि जर्मनीत ‘हँडी’ मागितलीत तर दुकानदार मोबाइल काढून देईल.

संच निवडण्याआधी तो कशाला हवा हे घरात बसून ठरवा. गावाकडं बोलायला हवा असेल तर घेऊ नका, त्याला फोन आहे. हातातला संच काही किलोमीटर जातो. इंटरनेटनं जोडलेल्या रिपीटरवरून, म्हणजे ऐकलेला आवाज पुढं पाठवणाऱ्या केंद्रावरून, भारतापर्यंत आवाज पोचवता येतो, पण तिथंही परवाना असलेलाच माणूस लागतो. जंगलात फिरताना मुलं नजरेआड होऊ नयेत एवढंच असेल, तर अमेरिकेत एफआरएसचे बिनपरवान्याचे संच मिळतात. त्याहून जास्त पल्ला हवा असेल तर जीएमआरएसचा परवाना ३५ डॉलरला, परीक्षा न देता, दहा वर्षांसाठी सगळ्या कुटुंबाला मिळतो. इंग्लंड-युरोपात पीएमआर ४४६ चे अर्ध्या वॅटचे संच तसेच बिनपरवाना चालतात. यात कमीपणा काही नाही, उलट पुष्कळ घरांची गरज तिथंच भागते.

हॅमची हँडी त्यांनी घ्यावी ज्यांना हे शास्त्र शिकायचं आहे आणि अडीनडीला उपयोगी पडायचं आहे. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडंही फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही सगळे अंगणात येऊन बसलो. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांकडं फोन लागत नव्हते, तेव्हा हॅम मंडळी संच घेऊन तिथं पोचली आणि निरोप इकडून तिकडं गेले. एकतीस वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरअखेर, हेलीन वादळानं आमच्या नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागाची तीच गत केली. अ‍ॅशव्हिलच्या बाजूला वीज गेली, रस्ते वाहून गेले, मोबाइल मुके झाले. माउंट मिचेलवरचा १४५.१९० मेगाहर्ट्‌झचा रिपीटर मात्र बोलत राहिला. कुणाचं औषध संपलंय, कुठला पूल गेलाय, कुणाचे आईवडील सुखरूप आहेत, हे सगळं त्या एका वाटेनं दिवसचे दिवस वाहत होतं. तो डोंगर २,०३७ मीटर उंच आहे, मिसिसिपीच्या पूर्वेकडचा सगळ्यात उंच. म्हणून खालच्या दरीतल्या पाच वॅटच्या संचालाही तो हात देऊ शकतो.

उंचीचं गणित सोपं आहे. अँटेना जमिनीपासून जितके मीटर उंच, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४.१ नं गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. तोंडाशी धरलेल्या हँडीचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटर, आणि घरं-झाडं मध्ये आली की तेही निम्म्यावर. २,००० मीटरवर तेच सपाट भूमीच्या हिशेबानं दीडशेच्या पुढं जातं. म्हणून खोक्यावर ‘८ वॅट’, ‘१० वॅट’ असं ठळक छापलेलं पाहून भुलू नका. पाचाचे दहा वॅट केले तरी समोरच्याच्या मीटरवर सिग्नल अर्धाच एस-युनिट (सिग्नल मोजायचं माप) चढतो, आणि बॅटरी मात्र भराभर उतरते.

हॅमच्या परवान्याचं थोडक्यात. अमेरिकेत टेक्निशियनच्या परीक्षेत ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर यावे लागतात, आणि सगळा प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. नागरिकत्व लागत नाही, वयाची अट नाही. सरकारी फी ३५ डॉलर, मुदत दहा वर्षं. तुमचा टपालाचा पत्ता मात्र सरकारी यादीत कुणालाही दिसतो, तेव्हा घरच्या पत्त्याऐवजी पोस्टातली पेटी द्या. हे आम्हाला उशिरा कळलं. इंग्लंडात फाउंडेशनचे २६ प्रश्न, १९ ला पास, परीक्षा घरी बसून देता येते. कॅनडात बेसिकचे १०० प्रश्न, ७० ला पास, ८० मिळाले तर लघुलहरींचे पट्टेही खुले होतात. जर्मनीत २०२४ पासून नवशिक्यांसाठी एन वर्ग सुरू झाला आहे. परवाना हाती येईपर्यंत संचावर ऐका, पण बोलण्याचं बटण दाबू नका.

आता संच. पहिला साधाच घ्या: दोन मीटर आणि सत्तर सेंटिमीटर हे दोन्ही पट्टे, साधं एफएम, पाच वॅट. पंचवीस-तीस डॉलरचा चिनी संच शिकायला पुरतो आणि पोरांच्या हातून पडला तर जीव हळहळत नाही. त्याची उणीव ऐकण्यात आहे. मोठ्या शहरात टॉवरांची गर्दी असते. तिथं या किमतीच्या संचांचा रिसीव्हर दबतो, आणि चांगली बाहेरची अँटेना जोडली की आणखीच बहिरा होतो. टोरांटोच्या उंच इमारतीत राहणाऱ्या एका घरानं याच कारणानं वर्षभरात संच बदलला. गावाबाहेर राहणाऱ्यांना तो त्रास फारसा जाणवत नाही. हात थोडा सैल सोडता येत असेल तर येसू किंवा आयकॉम या जपानी कंपन्यांचा साधा संच घ्या, तो अनेक वर्षं साथ देतो. डिजिटलच्या मागं लगेच लागू नका. डीएमआर, डी-स्टार आणि फ्यूजन यांना एकमेकांची भाषा कळत नाही. तुमच्या गावातली मंडळी कुठली वापरतात ते कळल्याशिवाय त्यात पाचशे-सातशे डॉलर घालणं म्हणजे विहीर कुठं आहे ते न बघता पोहरा घेणं.

बॅटरीचं मला फार महत्त्वाचं वाटतं. हेलीननंतर कित्येक घरांत आठवडाभर वीज नव्हती. जो संच गाडीच्या चार्जरवर किंवा यूएसबी-सी वर चार्ज होतो, किंवा ज्याला साध्या पेन्सिल सेलची डबी बसते, तो घ्या. जास्तीची एक बॅटरी संचाबरोबरच मागवा.

आणि वाचलेले पैसे अँटेनात घाला. सोबत येणारी रबरी आखूड अँटेना म्हणजे कामचलाऊ तडजोड आहे. अर्ध्या मीटरच्या आसपासची लवचीक अँटेना बसवली की फरक कानाला कळतो. घेताना संचाचं तोंड नर की मादी एवढं बघा. अँटेना न घेताही एक उपाय आहे, मी जेवणाच्या टेबलावर बसून मुलीला करून दाखवला. वायरचा ४९ सेंटिमीटरचा तुकडा कापला, एका टोकाचं आवरण बोटभर सोललं, तारेचा वेढा करून अँटेनाच्या बुडाशी बाहेरच्या धातूच्या कड्यावर बसवला आणि अँटेना पुन्हा आवळली. मधल्या टाचणीला तार लागता कामा नये. उरलेली वायर खाली शेपटीसारखी सोडून द्यायची. दोन मीटरवर ती अँटेनाची दुसरी बाजू होते. त्याआधी आमच्या मागच्या अंगणातून जो रिपीटर खरखरत उघडायचा, तो त्या संध्याकाळी स्वच्छ उघडला. संच कमरेला लटकवून बोलू नका, अंग सिग्नल खातं. अँटेना उभी ठेवा आणि खिडकीशी या.

संच घेतल्यावर पहिले तीन दिवस माझं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही. रिपीटर मला लख्ख ऐकू येत होता, मी हाका मारत होतो, उत्तर नाही. संच बिघडलाय असं धरून मी तो परत पाठवायच्या तयारीत होतो. चूक टोनची होती. बहुतेक रिपीटर एका ठरावीक बारीक टोनशिवाय दार उघडत नाहीत. शिवाय तुम्ही ज्यावर ऐकता त्यावर तो ऐकत नाही, अमेरिकेत दोन मीटरवर तो सहसा ६०० किलोहर्ट्‌झ वर किंवा खाली ऐकतो. हा फरक म्हणजे ऑफसेट. ऑफसेट, त्याची दिशा आणि टोन, हे तिन्ही भरा. संगणकाला जोडायची केबल घ्या आणि चर्प हे फुकट सॉफ्टवेअर वापरा, एका बैठकीत सगळ्या मेमऱ्या भरून होतील.

सुट्टीत भारतात येताना संच बॅगेत टाकू नका. इथला परवाना तिथं आपोआप चालत नाही, आणि विनापरवाना वायरलेस संच बाळगणं गुन्हा आहे. आखातातून जाणाऱ्यांनी तर विशेष जपावं. भाच्याला नाद लागला असेल तर त्यालाच परीक्षेला बसवा. भारतात वय १२ पूर्ण लागतं, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल असे दोन वर्ग आहेत. परवाना काढून तिथं संच वापरलात तरी मेमऱ्या बदला. भारतात दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झ एवढाच आहे, अमेरिकेत तो १४८ पर्यंत जातो. म्हणजे १४६.५२० ही इथली हाक मारायची जागा तिथं पट्ट्याबाहेर पडते. इंग्लंडातली १४५.५०० मात्र आत बसते.

पहिली हाक मारायला घाबरू नका. आठवड्यातून एकदा बहुतेक रिपीटरवर नेट, म्हणजे ठरल्या वेळची बैठक, भरतं, तिथं नवख्याला आधी बोलावतात. मराठीत बोलायलाही अमेरिकेत बंदी नाही. फक्त कॉल साइन, म्हणजे परवान्यावरची आपली खूण, इंग्रजीत सांगायची, दर दहा मिनिटांनी आणि शेवटी. घरातल्या मुलांना तुमच्या देखत तुमच्या कॉल साइनवर बोलू देता येतं. आम्ही दोन घरं रविवारी सकाळी १४६.५५० वर भेटतो. दुसऱ्या घरचे टेकडीच्या पलीकडं राहतात, म्हणून माझी मुलगी संच घेऊन माडीवरच्या खिडकीत जाते. ‘ओव्हर’ म्हणायच्या जागी ती ‘बोल’ म्हणते, आणि पलीकडचा पोरगाही आता तसंच म्हणायला लागलाय.