टेलिस्कोपिक फोर्कलिफ्ट : लांब हाताची गाडी

साखर गोदामातली साधी फोर्कलिफ्ट बहुतेकांनी पाहिलेली असते. उभ्या खांबावर काटे वर-खाली होतात. चाके लहान, त्यामुळे खाली पक्की जमीन लागते. पावसात बगॅस यार्डात नेली की रुतलीच म्हणून समजा. टेलिस्कोपिक फोर्कलिफ्टला खांबाच्या जागी एकात एक सरकणारा दांडा असतो, त्यास बूम म्हणतात. चाके मोठी, चारही चाकांना इंजिनाची ताकद, आणि बहुतेक गाड्यांत चारही वळतात. खेकड्यासारखी तिरकीसुद्धा चालते. इंग्लंडच्या जेसीबी कंपनीने १९७७ साली ‘लोडऑल’ नावाने अशी गाडी बाजारात आणली. पुढे काटे काढून बकेट किंवा पंजा लावता येतो. म्हणजे गाठी रचणे, सुटा बगॅस भरणे, जड मोटार उचलणे, सगळे एकाच गाडीवर.

आता मुख्य मुद्दा. गाडी ३ टनांची म्हणजे कुठेही ३ टन उचलेल, असा अनेकांचा समज असतो. भरलेली घागर कमरेवर चालते. हात लांब करून धरा बरं! येथेही तसेच आहे. पुढची चाके हा टेकू. वजन टेकूपासून जितके लांब, तितकी गाडी पुढे कलंडायला बघते. चाकांपुढे १ मीटरवर ३ टन, गुणाकार ३. पन्नास किलोची २० पोती म्हणजे १ टन. बूम काढून तीच ४ मीटरवर नेली तर गुणाकार ४. वजन तिसरा हिस्सा, पण कलंडण्याचा जोर जास्त! शिवाय बूमचे स्वतःचे वजन पुढे गेले ते वेगळेच. म्हणून किती अंतरावर किती उचलायचे याचा तक्ता केबिनमध्ये दिलेला असतो.

सर्वांत फसवी वेळ माल वर असताना येते. बूम उंच उभी असते तेव्हा भार चाकांच्या जवळ असतो, म्हणून गाडी मुकाट उभी राहते. बूम तशीच लांब ठेवून खाली घेतली की भार पुढे पुढे जातो, मागची चाके हलकी होतात, आणि गाडी नाकावर जाते. म्हणून आधी बूम आत, मग खाली. हा क्रम ड्रायव्हरच्या हाताला मुरला पाहिजे. जमीन आडवी उतरती असली तर गाडी सपाट केल्याखेरीज बूम वर नेऊ नये. विजेच्या तारांखाली तर नाहीच. आणि काट्यांवरच्या पाटावर माणूस चढवणे, ‘दोनच मिनिटांचं काम आहे’ म्हणून का होईना, साफ बंद.

बगॅसची धूळ रेडिएटर व सायलेन्सरवर साचते, गरम भागावर पेट घेऊ शकते. दर पाळीला ती हवेने उडवावी.

तक्ता बहुधा इंग्रजीत असतो. त्याच्याच शेजारी तेच आकडे मराठीत, टनाऐवजी पोत्यांत लिहून लावले तर रात्रपाळीच्या ड्रायव्हरला विचारत बसावे लागणार नाही.