हृदयविकाराविरुद्ध लोकशक्ती

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील एखाद्या कामगारास हृदयविकार जडला म्हणजे त्याचे कर्ते आयुष्य संपल्यातच जमा होई. रुग्णालयातून घरी परतल्यावर पूर्ण विश्रांती घेण्यावाचून दुसरा सल्ला त्याला क्वचितच मिळे. त्याला पुन्हा कामावर घेण्यास मालक धजत नसे. श्रम केल्याने त्याची खरोखर किती हानी होईल, याचे खात्रीचे उत्तर डॉक्टरांपाशीही नव्हते. या प्रश्नाचा छडा लावण्याच्या हेतूने १९१५ साली न्यूयॉर्क शहरात काही डॉक्टर व समाजसेवक एकत्र आले आणि त्यांनी हृदयरोगाच्या प्रतिबंधासाठी एक मंडळ स्थापन केले. इतर शहरांतूनही अशी मंडळे निघाली. अखेर १९२४ साली शिकागो येथे सहा हृदयरोगतज्ज्ञांनी या प्रयत्नांना राष्ट्रीय स्वरूप दिले. हीच ‘अमेरिकन हार्ट असोसिएशन’ होय. बोस्टनचे डॉ. पॉल डडली व्हाइट हे त्या सहांपैकी एक होते.

एकाच विकाराची दोन रूपे

या संस्थेच्या कार्याचे मर्म कळण्यासाठी विकाराचे स्वरूप थोडक्यात समजून घ्यावयास हवे. मानवी हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते त्याला स्वतंत्र रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षे मेदाचा थर साचत जातो. एखादे दिवशी त्या थरावरचे आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. रक्त न मिळाल्याने पुढील स्नायू मरू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. मेंदूकडे जाणारी रोहिणी गुठळीने बंद झाली, किंवा वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतील रोहिणी फुटली, तर पक्षाघात होतो. जागा निराळ्या असल्या तरी मुळे बव्हंशी एकच आहेत.

ती मुळे कोणती, हे मात्र बराच काळ अज्ञात होते. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १९४५ साली वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्यांचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढत गेला होता. परंतु तो आटोक्यात आणील असे प्रभावी औषध त्या वेळी डॉक्टरांच्या हाती नव्हते. १९४८ साली अमेरिकन शासनाने मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यास प्रारंभ केला. रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह यांचा या विकारांशी असलेला संबंध या अभ्यासातून क्रमाक्रमाने उघड झाला. जे दैवाधीन मानले जात होते, ते बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे, असा त्याचा अर्थ होता. परंतु हे ज्ञान शोधनिबंधांतून घरोघर पोहोचविणार कोण?

विद्वत्सभेतून लोकसंस्थेकडे

पहिली दोन दशके ही संस्था मुख्यतः डॉक्टरांचीच होती. सभा भरत, निबंध वाचले जात आणि आर्थिक साधने तुटपुंजी असत. दुसऱ्या महायुद्धानंतर संस्थेने आपली घटना बदलली आणि सामान्य नागरिकांना सभासदत्वाची व कारभाराची दारे खुली केली. १९४८ च्या आरंभी अमेरिकन नभोवाणीवर एक स्पर्धा गाजत होती. श्रोत्यांना केवळ पावलांचा आवाज ऐकविला जाई आणि हा ‘चालणारा माणूस’ कोण ते ओळखावयाचे असे. स्पर्धेत भाग घेताना संस्थेसाठी देणगी पाठवावी, असे आवाहन केले जाई. तो माणूस म्हणजे विनोदी नट जॅक बेनी, हे उलगडेपर्यंत संस्थेच्या कोषात सुमारे १५ लाख डॉलर जमा झाले होते. या लहान-लहान रकमांतून संस्थेला द्रव्य तर मिळालेच. शिवाय हृदयविकार हा केवळ डॉक्टरांचा विषय नाही, ही जाणीवही देशभर पसरली.

वर्षाचा क्रम

तेव्हापासून या कार्याला वार्षिक आवर्तनाचे रूप आले. १९६४ पासून फेब्रुवारी हा महिना राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने ‘हृदयमास’ म्हणून पाळला जातो. त्या काळी या महिन्यात स्वयंसेवक, विशेषतः गृहिणी, आपापल्या वस्तीत दारोदार फिरून वर्गणी गोळा करीत आणि तीबरोबर माहितीपत्रकेही देत. १९७८ साली मिल्वॉकी येथून आणखी एक उपक्रम सुरू झाला. शाळकरी मुलांनी दोरीवरच्या उड्या माराव्यात आणि त्यानिमित्ताने आप्तेष्टांकडून देणग्या मिळवाव्यात, अशी ही योजना होती. मुलांना व्यायामाची गोडी लागे आणि संस्थेलाही साहाय्य मिळे.

जमलेल्या निधीचा एक भाग दरवर्षी संशोधनाकडे जातो. आलेल्या अर्जांची छाननी शास्त्रज्ञांच्या समित्या करतात. पहिल्या अनुदानाचे मानकरी नोबेल पारितोषिक विजेते आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे होते. स्नायूंचे आकुंचन कसे होते, हा त्यांचा अभ्यासविषय होता. दुसरे काम आकडेवारीचे. देशात या विकारांनी किती माणसे आजारी पडली, किती दगावली आणि कोणत्या समाजगटांत प्रमाण अधिक आहे, याचा विस्तृत अहवाल संस्था प्रतिवर्षी प्रसिद्ध करते. तिसरे काम लोकशिक्षणाचे असून त्यात छातीदाबाच्या शिक्षणाला विशेष महत्त्व आहे.

हृदय अकस्मात थांबले तर थोड्याच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. इतक्या अवधीत डॉक्टर येणे बहुधा अशक्यच असते. १९६० साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील तीन संशोधकांनी दाखवून दिले की, छातीच्या मध्यावर तळहातांनी लयबद्ध दाब दिल्यास रक्ताभिसरण काही काळ चालू ठेवता येते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६३ साली या पद्धतीला मान्यता दिली. आरंभी हे शिक्षण डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापुरतेच होते. १९७४ साली ते सर्वसामान्यांनाही द्यावे, असे ठरले. हा निर्णय दूरगामी ठरला, कारण माणूस कोसळतो तेव्हा त्याच्याजवळ बहुधा पत्नी, मुलगा किंवा सहकारी एवढीच माणसे असतात. तोंडाने श्वास देण्यास अनेक जण कचरतात, हे ध्यानात घेऊन २००८ साली ही रीत आणखी सोपी करण्यात आली. प्रौढ व्यक्ती डोळ्यांदेखत कोसळली, तर अप्रशिक्षित माणसाने मदत बोलवावी आणि मिनिटास किमान शंभर या गतीने छाती जोराने दाबत राहावी, एवढेच पुरे मानले गेले. चेहरा एका बाजूला ओघळणे, हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची चिन्हेही याच धोरणाने लोकांना शिकविली जातात. १९९८ साली संस्थेने पक्षाघाताच्या कार्यासाठी आपला स्वतंत्र विभागच उघडला.

संस्थेचे सर्वच सल्ले कायम टिकले असे नाही. आहारातील जनावरांची चरबी कमी करून वनस्पतिजन्य तेले वापरावीत, असे तिने १९६१ साली सुचविले. परंतु वनस्पती तुपासारखी प्रक्रियेने घट्ट केलेली तेले हृदयाला अपायकारक असतात, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले आणि त्यानुसार सल्ल्यातही बदल करावा लागला. लोकशिक्षण करणाऱ्या संस्थेला स्वतः सतत शिकत राहावे लागते, याचा हा दाखला होय.

एका राष्ट्राध्यक्षाचे आजारपण

२४ सप्टेंबर १९५५ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना डेन्व्हर येथे हृदयविकाराचा झटका आला. सल्ल्यासाठी डॉ. व्हाइट यांना पाचारण करण्यात आले. राष्ट्रप्रमुखाचे आजारपण झाकून ठेवण्याचा प्रघात बाजूस सारून त्यांनी वार्ताहरांना सोप्या भाषेत सारे समजावून सांगितले : हृदयात काय बिघडते, जखम कशी भरून येते आणि रुग्ण पुन्हा कामाला लागण्याची आशा का आहे. देशभरातील वाचकांना हृदयरोगाचा जणू एक पाठच मिळाला. स्वतः व्हाइट हे चालण्याचे व सायकल चालविण्याचे खंदे पुरस्कर्ते होते. आयसेनहॉवर पुढल्याच वर्षी पुन्हा निवडून आले. १९५७ साली त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटकाही आला; तथापि त्यांनी आपली दुसरी कारकीर्द पूर्ण केली. चाळीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या मंडळाने ज्या कामगाराचा प्रश्न हाती घेतला होता, त्याचे उत्तर या उदाहरणाने साऱ्या राष्ट्रासमोर आले.

अमेरिकेत हृदयविकार आणि पक्षाघात यांनी होणाऱ्या मृत्यूंचे वयानुसार काढलेले प्रमाण १९६० च्या दशकानंतर निम्म्याहूनही अधिक घटले. याचे श्रेय एकट्या संस्थेचे नाही. नवी औषधे, शस्त्रक्रिया आणि धूम्रपानातील घट यांचा त्यात मोठा वाटा आहे. तरीही हृदयविकार हेच तेथील मृत्यूचे प्रथम क्रमांकाचे कारण राहिले आहे. कृष्णवर्णीय नागरिकांत व आग्नेय भागातील राज्यांत पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळते. ज्ञान उपलब्ध असणे आणि ते सर्वांपर्यंत सारखे पोहोचणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

भारतातील धागा

डॉ. व्हाइट यांच्या हाताखाली शिकलेल्यांत डॉ. शिवरामकृष्ण अय्यर पद्मावती या होत्या. १९५३ साली त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाल्या. घसादुखीनंतर येणाऱ्या संधिवाती ज्वराने हृदयाच्या झडपा निकामी झालेली मुले व तरुण स्त्रिया हा तेथील कळीचा प्रश्न होता. अमेरिकेत मागे पडत चाललेला हा रोग भारतात घर करून होता. पद्मावतींनी १९६२ साली ‘ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन’ची स्थापना केली. १९६६ साली हृदयरोगतज्ज्ञांची जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच भारतातील रोगाचे स्वरूप पालटले होते आणि झडपांच्या विकाराच्या जोडीला रोहिण्यांचा विकारही आला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसे मरण पावली. त्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतीही वेदना देत नाही. तो मोजल्यावाचून कळत नाही. मोजण्याचे काम काही मिनिटांचे असते आणि औषधे अनेक वर्षांपासून उपलब्ध आहेत. उणीव असते ती, दरवर्षी न चुकता दार ठोठावून याची आठवण करून देणाऱ्या माणसांची. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या इतिहासातून घेण्याजोगा बोध तो हाच.