खाज थांबली, खरूज नाही

आमचा बंड्या गावठी, रस्त्यावरून आणलेला. पावसाळ्यात त्याच्या कानांच्या कडांवर खपल्या धरल्या, कोपरांवरचे केस गेले आणि रात्रभर खाजवणं सुरू झालं. शेजारच्या काकांनी गॅरेजमधलं जळकं ऑईल आणून दिलं. चोपडलं. तो ते चाटणारच. दोन दिवस ओकत होता. इंजिनातलं काळं तेल पोटात जाणार हे मला सुचू नये!

मग एकाने इंजेक्शन टोचलं आणि दुसऱ्या दिवशी खाज बंद. मी खूश. दहा दिवसांत ती दुपटीने परतली. इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. त्याने खाज दबते, कातडीत बिळं करणारे माइट्स मात्र तसेच राहतात. आता मी सुई टोचण्याआधीच विचारते, यात स्टेरॉइड आहे का?

तोवर आईच्या हातांवर पुरळ उठलं होतं. ते ऐकताच नव्या डॉक्टरबाईंनी बंड्याच्या कानाची कड चोळली. त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. पण कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर काहीच नाही.

"म्हणजे खरूज नाही?"

"अहो, खरजेचे माइट्स पुष्कळदा सापडतच नाहीत. लक्षणं बघून औषध द्यायचं."

बाईंनी दुसराही एक माइट सांगितला, डेमोडेक्स. तो केसांच्या मुळाशी असतो, म्हणून खोल खरवडावं लागतं. तो माणसाला लागत नाही, पण स्टेरॉइडने चांगलाच फोफावतो.

बंड्याला कधी फिट आली होती का, हे विचारून आणि वजन करून बाईंनी फ्लुरालानरची गोळी दिली. गुरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणारेही भेटतात. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत जनुकीय दोषामुळे ते मेंदूत शिरतं आणि जिवावर बेततं. घरात मांजर असेल तर आणखी जपा: कुत्र्याचं परमेथ्रिन मांजरीला विष आहे.

खाज लगेच गेली नाही, तीन आठवडे लागले. घरातल्या दुसऱ्या कुत्रीलाही खाज नसताना गोळी दिली. नाहीतर खरूज तिच्याकडून परत आली असती. गोधड्या कढत पाण्यात धुतल्या. आईचं पुरळ आपोआप गेलं.

काकांचा ऑईलचा डबा अजून जिन्याखाली आहे. परवा कुणीतरी तो मागायला आलं होतं.