साडीला हात न लावणाऱ्या गिऱ्हाइकासाठी

मागच्या दिवाळीच्या आधी मी एका साडीखाली 'शुद्ध रेशीम' असं लिहिलं आणि ती साडी नाशिकहून परत आली. पार्सलात एक चिठ्ठी होती. बाईंनी लिहिलं होतं की साडी छान आहे, पण यात रेशीम आणि सूत मिळून आहे; तसंच लिहिलं असतंत तरी मी घेतली असती.

दुकानदार चाचाजींचं जाण्यायेण्याचं कुरिअर गेलं. त्यांनी मला काही म्हटलं नाही, कारण 'सिल्क लिख दो बेटा' हे त्यांनीच सांगितलं होतं. पण अक्षरं माझी होती. मंडळाच्या या अंकासाठी 'लेखनातून चार पैसे कसे मिळवावेत' यावर लिही असं मला सांगण्यात आलं, तेव्हा आधी ती चिठ्ठीच आठवली.

हे काम म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. लहान दुकानदार मीशो, अ‍ॅमेझॉन किंवा नुसत्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगवर माल लावतो. फोटो तो मोबाइलवर काढतो, किंमत त्याला ठाऊक असते. फोटोखालचे पाच-सात ओळींचे शब्द मात्र त्याला जमत नाहीत, किंवा लिहायला वेळ नसतो. ते आपण लिहायचे. कॉलेज सांभाळून, घरबसल्या होणारं काम आहे.

मला ते मिळालं ते दौलतगंजामुळे. सुट्टीत मी घरी, म्हणजे ग्वाल्हेरला असते. दौलतगंज हा लष्करातला, महाराज बाड्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरचा बाजारभाग. लष्कर हे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेलं शहर, त्यामुळे इथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि बाजार मात्र हिंदीत बोलतो. चाचाजींच्या चंदेरी साड्यांना पुण्या-नाशिकहून मागणी येऊ लागली, तेव्हा त्यांनी हिंदी वर्णनं मोबाइलवर भाषांतर करून मराठीत लावली. ती वाचून मी दुकानातच हसले, आणि त्या हसण्यातून काम मिळालं.

हसण्यासारखं काय होतं ते सांगते, कारण हा या पाठाचा अर्धा भाग आहे. हिंदीत 'हल्की साड़ी' म्हटलं की वजनाला कमी, नेसायला सुखाची. मराठीत 'हलकी साडी' म्हणजे कमी प्रतीची! साडेचार हजारांच्या साडीखाली 'अतिशय हलकी साडी' असं लिहिलेलं होतं. 'हल्का रंग' म्हणजे आपला 'फिकट रंग'. 'पल्लू' हा 'पदर', आणि 'बॉर्डर' आपण बोलताना म्हणतो तरी 'काठ' लिहिलं की मराठी बाईचा डोळा तिथे थांबतो. शेजारच्या दुकानात गजक मिळते, तीळगुळाची, थंडीत. तिच्या पाकिटावर 'खस्ता' लिहिलेलं. आपल्याकडे खस्ता खातात त्या कष्टाच्या. (खस्ता कचोरीने हा शब्द थोडा सोडवला आहे, पण थोडाच.) मी तिथे 'खुसखुशीत' केलं.

माझी स्वतःची मराठीही या परीक्षेत पुरती उतरली नाही, हे कबूल करते. ग्वाल्हेरच्या घरात आम्ही मराठीच बोलतो, पण बाजाराचे शब्द हिंदीच येतात. पोत, ताणा, बाणा, बुट्टी, किनार, घडी, वाण हे शब्द मी आजीला विचारून गोळा केले. उरलेल्यांसाठी मोल्सवर्थचा कोश उघडला. 1831 साली पहिल्यांदा छापलेला आणि 1857 साली वाढवलेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. आपल्या मंडळात मोल्सवर्थचं नाव मराठी गद्याच्या इतिहासापुरतं निघतं. साडी विकायलाही तो उपयोगी पडतो, हे तिथे कुणी बोलत नाही.

आता मूळ गोष्ट. दुकानात बाई साडी हातात घेते, चुरगाळते, उजेडात धरते, पदर उलटा करून पाहते, मग बोलते. पडद्यावर तिला हे काहीच करता येत नाही. तिच्या हाताने जे कळलं असतं ते शब्दांनी कळवणं, एवढंच हे काम आहे. म्हणून लिहिणाऱ्याने आधी माल हातात घ्यायचा. नुसत्या फोटोवरून लिहायचं काम मी आता घेत नाही. 'शुद्ध रेशीम' ही चूक फोटोवरूनच झाली होती.

साडी परत आल्यावर मी ती हातात घेतली आणि चाचाजींना पहिल्यांदा नीट प्रश्न विचारले. चंदेरी तीन तऱ्हांची असते: पूर्ण रेशमी, पूर्ण सुती, आणि ताणा रेशमी व बाणा सुती अशी मिश्र. ताणा म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, बाणा म्हणजे धोट्याबरोबर जाणारे आडवे. बाजारात मिश्र साडीलाही सर्रास 'सिल्क' म्हणतात. चाचाजी खोटं बोलत नव्हते, ते बाजाराची भाषा बोलत होते; ती मी छापील भाषा केली, तिथे खोटं तयार झालं. चंदेरीतल्या रेशमाचा नैसर्गिक डिंक काढून टाकत नाहीत. तिची झिरझिरीत चमक आणि नव्या साडीचा किंचित कडकपणा त्यामुळेच असतो. हे ठाऊक नसेल तर गिऱ्हाइकाला कडक साडी म्हणजे नकली साडी वाटते. म्हणजे जी गोष्ट उणीव समजून आपण लपवणार, ती सांगितली तर खरेपणाची खूण ठरते.

कडेचा एखादा सुटा धागा जाळून पाहायचंही मी शिकले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरते. सूत कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. ही चाचणी दुकानदाराला विचारून आणि त्याच्यासमोर करायची, नाहीतर काम जाईल.

परत आलेल्या साडीचं वर्णन मी नव्याने लिहिलं ते असं:

'चंदेरी साडी, हातमागावर विणलेली. ताणा रेशमी, बाणा सुती. रंग पिकल्या आंब्याचा, पण फिकट. उन्हात पिवळा, घरातल्या दिव्याखाली सायीसारखा दिसतो. काठ दोन इंची, जरीचा. जर खऱ्या चांदीची नाही. अंगभर बारीक बुट्ट्या, पदरावर तीन आडवे पट्टे. साडी 5.5 मीटर, ब्लाउजपीस 0.8 मीटर, साडीलाच जोडलेला. कापड पारदर्शक आहे, परकर त्याच रंगाचा घ्यावा. पहिल्या एक-दोन वेळा नेसताना थोडी कडक वाटेल. घरी धुऊ नये.'

यात एकही विशेषण सौंदर्याचं नाही, हे पाहा. माझा पहिला मसुदा 'मनमोहक सौंदर्याने नटलेली ही अप्रतिम साडी आपल्या व्यक्तिमत्त्वाला राजेशाही थाट देईल' असा होता. आता मी एक कसोटी लावते: वाक्यातला 'साडी' शब्द काढून 'पर्स' घालायचा. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते खोडायचं. वरचं वाक्य पर्सलाच काय, दाराच्या पडद्यालाही चालेल. आजकाल मोबाइल असली वाक्यं दोन सेकंदांत शंभर लिहून देतो, त्यामुळे त्यांना किंमतही उरलेली नाही. तीन पट्टे मोजणं आणि 'परकर त्याच रंगाचा घ्या' हे सुचणं मात्र साडी हातात घेणाऱ्यालाच जमतं.

मापांबद्दल आणखी एक. मराठी गिऱ्हाईक हमखास विचारतं, 'नऊवारी होईल का?' वार म्हणजे सुमारे 0.91 मीटर, तेव्हा नऊवारीला 8.2 मीटर लागतात. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सहावारी. 'फुल साइज' असं लिहून हा प्रश्न सुटत नाही. मीटर लिहा आणि कंसात वार लिहा.

काही शब्दांना कायद्याचं कुंपण आहे, तेही माहीत हवं. चंदेरी कापडाला भौगोलिक मानांकन आहे. मुरैनाच्या गजकेला ते 2023 मध्ये मिळालं. म्हणजे गजक दुसरीकडे केलेली असेल तर तिला 'मुरैनाची' म्हणायचं नाही, आणि दुसरीकडच्या यंत्रमागावरच्या नकलेला 'चंदेरी' म्हणायचं नाही. 'हातमाग' लिहिण्याआधी हँडलूम मार्क आणि 'शुद्ध रेशीम' लिहिण्याआधी सिल्क मार्क आहे का, हे विचारायचं. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो. सराफ्यातलं काम मिळालं तर तो पाहिल्याशिवाय कॅरट लिहू नका. पाकीटबंद मालाला निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे लागतंच, आणि खाण्याच्या वस्तूला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 14 आकडी क्रमांक.

आमच्या गल्लीतल्या एक काकू घरी मेतकूट आणि भाजणी करून विकतात. त्यांना 'मधुमेहावर गुणकारी' असं लिहून हवं होतं. मी नाही म्हटलं. असे दावे करायला 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. काकू रुसल्या. मग आम्ही 'डाळी-तांदूळ मंद आचेवर वेगवेगळे भाजून दळलेलं, मऊ भात आणि तुपाबरोबर' असं लिहिलं. त्यावर त्यांना पुण्याहून पहिली ऑर्डर आली, पाव किलोची.

2020 चे ई-कॉमर्स नियमही आपल्या बाजूने बोलायला उपयोगी पडतात. वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि गिऱ्हाईक असल्याचं भासवून स्वतःच्याच मालाचे अभिप्राय लिहिता येत नाहीत. दुसऱ्या एका दुकानाने मला दहा 'समाधानी ग्राहकांचे' अभिप्राय वेगवेगळ्या नावांनी लिहायला सांगितले होते. वर्णनाच्या दुप्पट दर देत होते. पैशांची गरज होती, दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. मग नाही कळवलं, आणि ते दुकान सुटलं. ते अभिप्राय पुढे कुणीतरी लिहिले असतीलच. नीतिसूत्रांच्या पुस्तकात खोट्या तराजूविषयी किती कडक लिहिलं आहे ते आपण प्रार्थनेच्या तासाला ऐकलेलं आहे. तेव्हा मला ते फक्त वाण्यांसाठी असावंसं वाटायचं.

पैशाचं खरं गणित असं: पहिलं काम 40 साड्यांचं, दर नगाला 25 रुपये, म्हणजे हजार रुपये. एका वर्णनाला वीस मिनिटं लागत होती, एकूण तेरा तास वीस मिनिटं. ताशी 75 रुपये पडले. आता मी दुकानदाराला आधी एक कागद देते, त्यावर धागा, माप, काठ, धुणं, उणीव अशा जागा रिकाम्या असतात. तो भरून आला की बारा मिनिटांत वर्णन होतं. 'उणीव' ही जागा बहुतेक दुकानदार कोरी सोडतात. तिथे मी स्वतः जाऊन विचारते. दर आधी ठरवा, किती वेळा दुरुस्ती करून देणार ते ठरवा आणि निम्मे पैसे आधी मागा. यातून फी निघत नाही. मेसचा आणि पुस्तकांचा खर्च निघतो, तोही सणांच्या महिन्यांत. जानेवारीत मला एकही काम नव्हतं.

आणि काम देण्याआधी 'नोंदणी फी' किंवा 'अनामत' मागणारा कुणीही असो, त्याला पैसे देऊ नका. टायपिंगच्या आणि वर्णन लिहिण्याच्या नावाने ही फसवणूक फार चालते. पैसे गेलेच तर 1930 या क्रमांकावर लगेच कळवा. पहिलं काम ओळखीच्या दुकानात, समोरासमोर मिळवणं सगळ्यात बरं. तुमच्या गावच्या बाजारातही असं एखादं दुकान असेलच.

नाशिकच्या बाईंना आम्ही पैसे परत केले आणि नवं वर्णन पाठवलं. ती साडी त्यांनी पुन्हा मागवली नाही. फेब्रुवारीत त्यांच्याकडून दुसरीच विचारणा आली: पूर्ण सुती चंदेरी, फिकट निळी, आहे का? चाचाजींनी फोन माझ्याकडे दिला. मी गठ्ठ्यातून साडी काढून दारात नेली आणि उजेडात धरली. निळी होती, पण काठाजवळ एका ठिकाणी विणीत गाठ होती. आधी तेच सांगितलं.